नकाराची किंमत : केनियातील खतनाबंदीविरुद्धच्या याचिकेचा प्रकरण अभ्यास

जुलै २०१७ मध्ये केनियातील माचाकोसच्या उच्च न्यायालयात डॉ. तातू कामाऊ यांनी एक याचिका दाखल केली. स्त्रियांच्या खतन्यावर संपूर्ण बंदी घालणारा २०११ चा कायदा घटनाबाह्य ठरवावा, निदान सज्ञान स्त्रीला तरी आपल्या शरीराबद्दल हा निर्णय घेऊ द्यावा, अशी त्यांची मागणी होती. प्रकरण पुढे नैरोबीला गेले, तीन न्यायमूर्तींच्या पीठासमोर चालले आणि १७ मार्च २०२१ रोजी याचिका फेटाळली गेली.

स्त्रीवरचा अन्याय आणि संस्कृती यांच्या वादात दोन्ही बाजूंची माणसे बहुधा ठरलेली असतात. एकीकडे बाहेरून आलेले सुधारक, दुसरीकडे परंपरेचे राखणदार पुरुष. इथे परंपरेची बाजू मांडणारी व्यक्ती स्त्री आहे, आफ्रिकी आहे, डॉक्टर आहे, आणि ती धर्मग्रंथाचा नव्हे तर स्वातंत्र्याचा हवाला देते आहे. 'ज्याची त्याची संस्कृती, आपण कोण बोलणार' असे म्हणणाऱ्या नैतिक सापेक्षतावादाला याहून भक्कम वकील मिळणे अवघड. म्हणूनच त्याची मर्यादा कुठे लागते हे या प्रकरणात नीट तपासता येते. दुबळ्या प्रतिपक्षाला हरवून काहीच सिद्ध होत नाही.

कायदा आणि त्यामागचे वास्तव

जागतिक आरोग्य संघटना खतन्याचे चार प्रकार मानते. पहिल्यात शिश्निका किंवा तिच्यावरचे आवरण अंशतः वा पूर्ण कापले जाते. दुसऱ्यात त्याबरोबर आतले भगोष्ठही कापतात. तिसऱ्यात योनिमार्गाचे तोंड शिवून अरुंद केले जाते. टोचणे, चिरणे, खरवडणे, डागणे अशा उरलेल्या सगळ्या इजा चौथ्या प्रकारात येतात. आरोग्याला याचा कोणताही फायदा नाही. तोटे मात्र मोजले गेले आहेत. संघटनेने केनियासह सहा आफ्रिकी देशांत २८,००० हून अधिक बाळंतिणींची पाहणी केली आणि ती २००६ साली प्रसिद्ध झाली. खतना झालेल्या स्त्रियांत सिझेरियन, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि अर्भकमृत्यू यांचे प्रमाण जास्त आढळले, आणि छेद जितका मोठा तितका धोका वाढत गेला. या स्त्रिया आफ्रिकी रुग्णालयांत बाळंत झालेल्या होत्या. इजेची ही नोंद कुणा परक्याच्या नजरेतून उपजलेली नाही.

केनियात ही प्रथा सगळीकडे सारखी नाही. २०१४ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या २१ टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता. पण सोमाली स्त्रियांत हे प्रमाण ९४ टक्के, सांबुरूंत ८६, किसींत ८४, मासाईंत ७८ आणि किकुयूंत सुमारे १५ टक्के होते. लुओ आणि लुह्या या मोठ्या समाजांत तर ही प्रथा जवळपास नाहीच. एकाच देशात, शेजारशेजारच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या लोकांमध्ये इतका फरक असताना 'आफ्रिकी संस्कृती' असे एकवचनी बोलणे वस्तुस्थितीला धरून होत नाही.

२००१ च्या बालक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलींचा खतना बेकायदा ठरवला होता. २०११ च्या कायद्याने वयाची अटच काढून टाकली. खतना करणारी, मदत करणारा, जागा वा हत्यार देणारा, त्यासाठी मुलीला देशाबाहेर नेणारा, सगळे गुन्हेगार. शिक्षा किमान तीन वर्षे कैद किंवा किमान दोन लाख शिलिंग दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर जन्मठेपेपर्यंत. खतना न झालेल्या बाईला त्यावरून हिणवणे हाही वेगळा गुन्हा. ही तरतूद ज्यांनी लिहिली त्यांना ही प्रथा कशाच्या जोरावर चालते हे नेमके ठाऊक होते असे मला वाटते. वादाचे मूळ मात्र कलम १९ च्या सहाव्या उपकलमात होते. जिच्यावर खतना झाला तिची संमती होती, हा बचाव आरोपीला घेता येणार नाही, असे ते सांगते.

डॉ. कामाऊ यांचे म्हणणे

त्यांचा युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडायला हवा. प्रौढ स्त्री दारू पिऊ शकते, सिगारेट ओढू शकते, सैन्यात जाऊ शकते. या सगळ्यात इजेचा धोका आहे आणि कायदा तो तिला पत्करू देतो. मग याच एका बाबतीत तिला अजाण का मानायचे? केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेचा अनुच्छेद ४४ प्रत्येकाला आपल्या संस्कृतीत सहभागी होण्याचा हक्क देतो, तर अनुच्छेद ३२ श्रद्धेचे स्वातंत्र्य देतो. पुरुषांची सुंता राजरोस होते आणि स्त्रियांची मात्र तुरुंगात नेते, हा भेदभाव नव्हे काय? बंदीमुळे प्रथा थांबत नाही, ती चोरून होते आणि मग रक्तस्राव झाला तरी बाई दवाखान्यात जायला घाबरते, हा डॉक्टर म्हणून त्यांचा मुद्दा. शिवाय ही बंदी पाश्चात्त्य मूल्यांच्या दडपणातून आली आहे, वसाहतकाळापूर्वी या विधीला समाजात मान होता, असाही याचिकेचा सूर होता.

यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शेवटचा तर मुळीच नाही, कारण त्याच्यामागे जवळपास नव्वद वर्षांचा इतिहास उभा आहे.

१९२९ ते १९५६

१९२९ साली किकुयू प्रदेशातल्या चर्च ऑफ स्कॉटलंड मिशनने आणि इतर काही प्रॉटेस्टंट मिशनांनी आपल्या सभासदांकडून आणि शाळाशिक्षकांकडून खतना सोडल्याची शपथ मागितली. 'किरोरे' म्हणजे अंगठ्याचा ठसा, याच नावाने ती शपथ ओळखली गेली. तीत किकुयू सेंट्रल असोसिएशन या राजकीय संघटनेशी संबंध तोडण्याचीही अट जोडली गेली. इथेच सगळे बिघडले. मुलींच्या शरीराचा प्रश्न आणि जमिनीसाठी, हक्कांसाठी चाललेला लढा यांची मिशनऱ्यांनीच गाठ मारली. परिणाम व्हायचा तोच झाला. लोक मोठ्या संख्येने चर्चमधून बाहेर पडले, किकुयूंच्या स्वतंत्र शाळा उभ्या राहिल्या, मिशनऱ्यांची आणि त्यांना साथ देणाऱ्या प्रमुखांची निंदा करणारी 'मुथिरिगू' नावाची नाचगाणी गावोगाव पसरली आणि जानेवारी १९३० मध्ये सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. खतना करून घेणे हे इंग्रजाला नकार देण्याचे चिन्ह बनले. सुऱ्याखाली मात्र मुलीच होत्या.

किकुयू सेंट्रल असोसिएशनचे सरचिटणीस जोमो केन्याटा पुढे लंडनला गेले, ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांच्या हाताखाली मानवशास्त्र शिकले आणि १९३८ साली आपल्या समाजावर त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. खतना ही केवळ शारीरिक क्रिया नाही, तिच्याभोवती वयोगट, शिक्षण, इतिहास, नीती यांची सगळी वीण आहे, एक धागा ओढला तर सगळेच उसवेल, ही त्यांची मांडणी. सापेक्षतावादी विचारातले हे आजही सर्वांत समर्थ लिखाण म्हणावे लागेल. वसाहतवाद्यांच्या तोंडावर हे सांगणे गरजेचेही होते. पण खतना न झालेल्या मुलीशी लग्न करण्याचा विचार कुणी खरा किकुयू करणार नाही, हेही केन्याटा त्याच ग्रंथात सांगतात. प्रथेच्या बाजूने त्यांनी दिलेली ही साक्षच प्रथेविरुद्धची सर्वांत मोठी साक्ष आहे. ज्या समाजात लग्नाशिवाय बाईला जमीन नाही, घर नाही, म्हातारपणी आधार नाही, तिथे 'लग्न होणार नाही' या तीन शब्दांना हुकमाइतकेच वजन असते.

१९५६ मध्ये शेजारच्या मेरू जिल्ह्यात उलटे घडले. ब्रिटिश जिल्हाधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने 'न्जुरी न्चेके' या मेरू वडीलधाऱ्यांच्या सभेने खतन्यावर बंदी घातली. सभा पुरुषांची. मुलींना कुणी विचारले नाही. उत्तरादाखल किशोरवयीन मुलींनी टोळ्या करून, रानात जाऊन, ब्लेडने स्वतःच स्वतःचा खतना केला. 'न्गाइताना' म्हणजे 'मी माझा खतना करीन', असे त्या चळवळीला नाव पडले. पुढच्या तीन वर्षांत २,४०० हून अधिक मुली, स्त्रिया आणि पुरुषांवर खटले भरले गेले.

बंदीच्या समर्थकांनी ही घटना विसरू नये. त्या मुलींना कुणी बांधून नेले नव्हते, त्या स्वतः गेल्या होत्या. त्यांच्यासाठी बाई होण्याचा दुसरा रस्ताच नव्हता आणि जो होता तो पुरुषांच्या एका सभेने दुसऱ्या पुरुषांच्या सांगण्यावरून बंद केला होता. त्यांचे बंड खरे होते आणि त्यांची कोंडीही खरी होती.

तीन स्त्रियांचे पत्र

या सगळ्या इतिहासात एक कागद आहे जो दोन्ही बाजूंच्या वकिलांनी वाचायला हवा. २५ डिसेंबर १९३१ ही त्याची तारीख. मिशन आणि असोसिएशन यांचे भांडण अजून निवले नव्हते. 'न्गो या तुइरितू', म्हणजे मुलींची ढाल, या किकुयू ख्रिस्ती स्त्रियांच्या मंडळाने स्थानिक कौन्सिलला पत्र लिहिले. न्यामबुरा वा किहुरानी, राहेली वारिगिया वा जोहाना आणि ॲलिस मुरिगो वा मेशाक यांची नावे त्याखाली आहेत. पुरुष स्त्रियांच्या खतन्याबद्दल बोलतात याचे आम्हाला नवल वाटते, असे त्या म्हणतात, कारण बाळंत होणारे, वेदना सोसणारे ते नव्हेत. काही जणी यात मरतात, काही वांझ होतात. मुलींना मेंढरांसारखे धरून नेतात. खतना करून घ्यावा की नाही हे जिचे तिला ठरवू द्यावे, तिच्या शरीराबाबत कुणी हुकूम सोडू नये.

केन्याटांचा ग्रंथ यायला अजून सात वर्षे होती. म्हणजे 'आमची संस्कृती असे सांगते' हे जगाला समजावले जाण्यापूर्वीच त्याच संस्कृतीतल्या तीन बायकांनी लेखी कळवून ठेवले होते की आमचे मत निराळे आहे. त्या परक्या नव्हत्या. त्यांनी बंदीही मागितली नव्हती. त्यांना फक्त 'नाही' म्हणण्याची मोकळीक हवी होती.

सापेक्षतावादी माणूस संस्कृतीचा आदर करायचा म्हणतो तेव्हा तो कुणाचे ऐकतो? ज्याच्याकडे सभा आहे, संघटना आहे, ग्रंथ लिहिण्याची सोय आहे, त्याचे. ते पत्र त्याच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. आपण निवाडा करत नाही असे त्याला वाटते, पण संस्कृतीच्या आतच चाललेल्या भांडणात त्याने एका पक्षाचे म्हणणे 'संस्कृती' म्हणून नोंदवून घेतलेले असते. १९४७ साली अमेरिकन मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारी मंडळाने मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याबाबत संयुक्त राष्ट्रांना निवेदन पाठवून इशारा दिला होता की एका संस्कृतीची मूल्ये साऱ्या जगाची म्हणून लादू नयेत. साम्राज्ये अजून उभी होती तेव्हा तो इशारा रास्तच होता. तरी संस्कृती म्हणजे एकजिनसी वस्तू, असे गृहीत धरण्याची चूक त्यात होतीच. १९९९ मध्ये त्याच संघटनेने मानवी हक्कांना पाठिंबा देणारी नवी भूमिका जाहीर केली.

मात्र हे पत्र मलाही अडचणीत आणते आणि ती अडचण टाळता येत नाही. 'जिचे तिला ठरवू द्या' हे १९३१ चे वाक्य आणि डॉ. कामाऊ यांची २०१७ ची मागणी शब्दशः जवळपास सारखी आहे. पहिल्या वाक्यापुढे मान झुकवायची आणि दुसऱ्याला नकार द्यायचा, हे कोणत्या आधारावर?

न्यायालयाने काय केले

न्यायमूर्ती लिडिया अचोडे, कान्यी किमोंडो आणि मार्गारेट मुइगाई यांच्या पीठापुढे सरकारच्या बाजूने खतनाविरोधी मंडळ उभे राहिले. महिला वकिलांची फिडा केनिया, इक्वॅलिटी नाऊ अशा संघटनाही बंदीच्या समर्थनार्थ आल्या. निकालाचा गाभा असा की संस्कृतीचा हक्क आहे, पण तो अमर्याद नाही. ज्या अनुच्छेद ४४ चा आधार याचिकेने घेतला त्याचेच तिसरे उपकलम सांगते की कुणीही दुसऱ्याला एखादी सांस्कृतिक प्रथा पाळायला भाग पाडू नये. बालक आणि युवक यांना घातक सांस्कृतिक प्रथांपासून संरक्षण देण्याची हमी घटनेतच स्वतंत्रपणे लिहिलेली आहे. ही केनियाच्या लोकांनी २०१० मध्ये सार्वमताने स्वीकारलेली घटना आहे, तेव्हा 'परक्यांनी लादले' हा आक्षेप इथे निम्माअधिक गळून पडतो.

संमतीच्या प्रश्नावर न्यायालयाने प्रथा जिथे चालते तिथली परिस्थिती पाहिली. बाईवर सोबतिणींचे, घरच्यांचे, समाजाचे दडपण असते. नकार दिलाच तर बाळंतपणाच्या वेळी, ती असहाय असताना, खतना करू अशी धमकी असते. काहींच्या बाबतीत तर मेल्यानंतरही सुटका नसते. अशा वातावरणात दिलेल्या होकाराला मोकळी निवड म्हणता येत नाही, असे पीठाने ठरवले. याचिका फेटाळताना पीठाने कायद्यातली उणीवही दाखवली. त्यातल्या व्याख्येत सगळे प्रकार येत नसल्याने कलम १९ मध्ये दुरुस्तीचा प्रस्ताव संसदेकडे पाठवावा, असा आदेश ॲटर्नी जनरलना दिला. म्हणजे कायदा सैल करा म्हणून आलेल्या याचिकेवर तो आणखी आवळा असे उत्तर मिळाले.

नकार देता येतो का?

निकाल मला योग्य वाटतो. पण 'घातक गोष्टीला संमती देताच येत नाही' या बाजूला झुकणारे जे तर्क त्याभोवती दिले जातात, ते मला पटत नाहीत. मुष्टियुद्धाला आपण संमती देऊ देतो. प्रौढांच्या शरीरावर राज्याला इतका सरसकट ताबा दिला तर तो उद्या कुठे वापरला जाईल सांगता येत नाही, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर तो नेहमीच वाईट वापरला गेला आहे.

माझ्या मते होकार खरा आहे की नाही, हे होकाराकडे पाहून कळतच नाही. नकाराकडे पाहावे लागते. 'नाही' म्हटले तर त्या बाईचे काय होते? लग्न मोडते का, सासरी पाण्याला शिवू देतात का, तिच्या मुलांना विधींत घेतात का, भर रस्त्यात नाव ठेवतात का? नकाराची किंमत हीच होकाराची कसोटी. सैन्यात न गेलेल्या केनियन बाईला कुणी वाळीत टाकत नाही, सिगारेट न ओढणारीचे लग्न अडत नाही. डॉ. कामाऊ यांची तुलना इथे कोसळते. प्रौढ स्त्री जोखीम घेऊ शकते हे त्यांचे गृहीतक बरोबर आहे. पण तुलनेतल्या बाकी सगळ्या गोष्टींना नकार फुकट आहे आणि याच एका गोष्टीला नाही.

१९३१ आणि २०१७ मधला फरकही यातून उलगडतो. त्या तिघी नकार स्वस्त करा म्हणत होत्या. २०१७ ची मागणी मान्य झाली असती तर होकाराचा रस्ता रुंद झाला असता आणि नकाराची किंमत होती तिथेच राहिली असती, किंबहुना वाढली असती. बंदी असताना सासूला 'कायदा आहे, पोलीस येतील' एवढे तरी सांगता येते. सज्ञान स्त्रीला मुभा मिळाली की अठरावे वर्ष लागताच प्रश्न येणार : आता का नाही? लग्न ठरलेल्या मुलीला हा प्रश्न कोण आणि कसा विचारील, याची कल्पना करायला केनियाला जावे लागत नाही.

आकडेवारीतून आणखी एक गोष्ट दिसते. ज्या समाजात ९० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचा खतना होतो तिथे नकार देणारी एकटी पडते, म्हणून तिथला होकार संशयास्पद. ज्या समाजात तो १५ टक्क्यांवर आला आहे आणि तरुण मुलींत त्याहून कमी आहे, तिथे नकार द्यायला फारसे काही लागत नाही. पण तिथे प्रथाही विझत चालली आहे. नकार स्वस्त झाला की मागणीच आटते. ही प्रथा मनापासून निवडली जात असती तर मोकळीक मिळाल्यावर ती टिकायला हवी होती. शिवाय बहुतेक मुलींचा खतना पंधरा वर्षांच्या आत होतो. याचिकेतली समजून-उमजून निर्णय घेणारी सज्ञान स्त्री अस्तित्वातच नाही असे नाही, पण सुरी जिच्यावर चालते ती बहुधा ही नसते.

इथे चीनमधल्या पाय बांधण्याच्या प्रथेची आठवण होते. मुलीच्या लग्नासाठी प्रत्येक आई ते करत होती, कारण बाकीच्या करत होत्या. एकेकट्या आईला त्यातून बाहेर पडणे शक्यच नव्हते. 'आम्ही मुलींचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून आणणार नाही' अशी शपथ घेणारी कुटुंबे एकत्र आली आणि शतकानुशतके टिकलेली प्रथा बहुतांश चीनमध्ये एका-दोन पिढ्यांत संपली. सेनेगलच्या मालिकुंडा बंबारा गावातल्या स्त्रियांनी ३१ जुलै १९९७ रोजी अशीच सामूहिक घोषणा केली. नंतर ती लाट शेकडो गावांत गेली, कारण लग्ने ज्या गावांत होतात ती गावे सोबत यायला हवीत हे त्यांनी ओळखले. नकाराची किंमत अशी सगळ्यांनी मिळून खाली आणावी लागते. केनियातही थाराका भागात १९९६ पासून काही कुटुंबांनी 'न्तानिरा ना मुगाम्बो', म्हणजे शब्दांनी खतना, हा विधी सुरू केला. एकांतवास, शिकवण, भेटवस्तू, गावाचा मेळावा सगळे असते, फक्त कापणे नसते. एक धागा ओढला की सगळे उसवेल ही केन्याटांची भीती त्यांच्याच शेजारच्या समाजाने खोटी पाडली. संस्कृती टिकली आणि मुलगीही शाबूत राहिली.

दुटप्पीपणाचा आरोप

एक आक्षेप उरतो आणि तो बोचरा आहे. लंडन वा लॉस एंजेलिसमधली प्रौढ स्त्री शल्यचिकित्सकाला पैसे देऊन भगोष्ठ कापून लहान करून घेते. वैद्यकीय गरज नसते, इच्छा असते. त्याला सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणतात. तेच मासाई बाईने केले तर तिला मदत करणारी तुरुंगात. गोऱ्या बाईची संमती खरी आणि काळ्या बाईची खोटी?

या आक्षेपाला 'ती गोष्ट वेगळी' म्हणून उडवून लावणारे लोक सापेक्षतावादाला बळ देतात. ब्रिटनच्या २००३ च्या खतनाविरोधी कायद्यातही मानसिक आरोग्याचे कारण तपासताना रूढी-परंपरा ग्राह्य धरत नाहीत, पण आरशात पाहून वाटलेल्या लाजेला मात्र वाव राहतो. ती लाज तरी कुठून आली? तीही एका संस्कृतीनेच शिकवलेली. नकाराची कसोटी इथेही लावली पाहिजे आणि ती लावली तर उत्तर पायरीपायरीने येते. लंडनच्या बाईने शस्त्रक्रिया नाकारली तर तिचे लग्न मोडत नाही, तिला बाळंतपणात धरून कापत नाहीत, म्हणून तिची संमती अधिक मोकळी आहे. पूर्ण मोकळी नाही. अठरा वर्षांखालच्या मुलींवर होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांना मात्र कसलेही समर्थन नाही, त्या कुठल्याही देशात होवोत, आणि तिथे पाश्चात्त्य कायद्यांनी केनियाच्या कायद्याइतकेच कडक व्हायला हवे. ही कसोटी वैश्विक आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती आधी वैश्विक म्हणवणाऱ्यांच्या दारात लावून दाखवावी लागते.

पुरुषांच्या सुंतेचा मुद्दाही याच प्रामाणिकपणाने घ्यायला हवा. लहान मुलाच्या शरीरावर त्याच्या संमतीशिवाय केलेला छेद हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो विचारला जावा. पण एका ठिकाणी संरक्षण कमी आहे म्हणून दुसऱ्या ठिकाणचे काढून घ्या, हा समतेचा अर्थ नव्हे.

निकालानंतर

तत्कालीन राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा, जोमो यांचे पुत्र, यांनी २०२२ पर्यंत देशातून खतना संपवण्याचा शब्द दिला होता. तो पाळता आला नाही. २०२२ च्या पाहणीत राष्ट्रीय प्रमाण १५ टक्क्यांवर आले. १९९८ मध्ये ते ३८ टक्के होते. ईशान्येकडच्या सोमाली भागात मात्र प्रथा अजून घट्ट आहे. कुरिया भागातल्या मुलींना सीमा ओलांडून टांझानियात नेले जाते. किसी भागात नर्स आणि आरोग्यसेवक पैसे घेऊन घरी येऊन खतना करतात. डॉ. कामाऊ यांना हवी होती ती 'सुरक्षित' सोय चोरून उपलब्ध आहे, आणि ती प्रौढ स्त्रियांसाठी नव्हे, लहान मुलींसाठी वापरली जाते.

पण याचिकेतला एक भाग फेटाळला गेल्यावरही खरा राहतो. कायदा मदत करणाऱ्यालाही धरतो आणि संमती हा बचाव नाही, म्हणून स्वतःवर खतना करवून घेणारी सज्ञान बाईही आरोपी होऊ शकते. जिची निवड मोकळी नव्हती असे न्यायालय सांगते, तिलाच त्या निवडीसाठी तुरुंगात टाकणे या निकालाच्याच तर्कात बसत नाही. मेरूच्या मुलींवर भरलेले खटले आठवले की हे आणखी खटकते. कलम १९ ची दुरुस्ती संसदेपुढे येईल तेव्हा व्याख्या रुंद करण्याबरोबरच, जिच्यावर खतना झाला तिला खटल्यातून वगळणारे उपकलम त्यात घातले पाहिजे. दवाखान्याच्या दारात रक्तस्राव होत आलेल्या बाईला पोलिसांची भीती वाटणार नाही, एवढी तरतूद कायद्याला करता येते. या मागणीचे मूळ डॉ. कामाऊ यांच्याच मुद्द्यात आहे, आणि ती मान्य करायला बंदी उठवावी लागत नाही.